यंत्रदृष्टीच्या चुकांचे निदान : कापसाच्या शेतातून एक अभ्यास

प्रास्ताविक

आमच्या जिल्ह्याचा इतिहास शिकविताना कापसाला वगळून पुढे जाता येत नाही. जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला, तो खामगावच्या कापूस बाजारासाठी. त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. पुढे १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, आणि कापसाची प्रत ठरविणाऱ्या ग्रेडरच्या नजरेवर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल ठरू लागले. आपल्या मालाकडे कोणीतरी पाहतो, त्याला नाव देतो आणि त्या नावावर आपले भवितव्य ठरते, हा अनुभव येथील शेतकऱ्याला नवा नाही. नवे एवढेच की आता पाहणारा डोळा यंत्राचा असू शकतो.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु आमच्या निवासी विद्यालयातील बहुतेक मुले-मुली घाटाखालच्या कापूस पिकविणाऱ्या गावांतून येतात. दिवाळीच्या सुटीनंतर परतलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “सर, मोबाईल फोटोवरून बोंडअळीचे पतंग मोजतो म्हणतात. त्याने चुकीचे मोजले तर कसे कळेल?” या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उत्तर मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. इतिहासात आम्ही साधनांची चिकित्सा करतो. बखर काय सांगते एवढेच न पाहता ती कोठे चुकते, कशी चुकते आणि का चुकते हे तपासतो. यंत्राच्या साक्षीलाही तीच कसोटी लावता येते, असे आम्हांस अभ्यासान्ती दिसून आले.

पतंग मोजण्याचे प्रयोजन

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि आत सरकी पोखरलेली असते. पात्या-फुले लागण्याच्या काळात पाकळ्या न उमलता गुलाबकळीसारख्या मिटलेल्या दिसतात. तिला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. पण डोमकळी दिसेपर्यंत अळी आत शिरलेली असते. म्हणून तिच्या आधीची अवस्था, म्हणजे पतंग, यावर लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी कामगंध सापळे लावतात. सापळ्यातील ल्युरला मादीच्या गंधासारखा गंध असतो. त्याकडे नर पतंग ओढले जातात आणि खालच्या पिशवीत अडकतात.

शेतकऱ्याने ते रोज मोजावयाचे. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात दररोज ८ किंवा अधिक पतंग आढळले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजून फवारणीचा निर्णय घ्यावा, अशी कृषिशास्त्रज्ञांची शिफारस आहे. या ८ च्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना धोका आहे. प्रत्यक्ष पतंग ९ असताना ६ मोजले, तर फवारणी टळते आणि बोंडे सडतात. प्रत्यक्ष ५ असताना ९ मोजले, तर नको असलेली फवारणी होते, उसनवारीचा पैसा औषधात जातो आणि पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या अंगावर विष उडते. २०१७ च्या हंगामात विदर्भाने या दोन्ही आपत्ती एकाच वेळी पाहिल्या. गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा मोजणीतील चूक ही केवळ गणितातील चूक राहत नाही.

हे मोजण्याचे काम मोबाईलने करावे असा एक प्रयत्न मुंबईच्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांसाठी केला. सापळ्यातील पतंग कागदावर ओतावयाचे, छायाचित्र घ्यावयाचे, आणि फोनमधील मॉडेलने गुलाबी व अमेरिकन अशा दोन्ही बोंडअळ्यांचे पतंग वेगवेगळे मोजावयाचे. गावात इंटरनेट नसले तरी चालावे म्हणून त्यांनी मॉडेलचा आकार कमी करून ते साध्या फोनवर बसविले. या कामावरचा त्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या यशाबरोबरच अडचणीही त्यांनी मोकळेपणाने मांडल्या आहेत : छायाचित्रांची विविधता, नमुन्यांवर खुणा करण्यातील कठीणपणा, आणि विशेषतः मॉडेलला गुण देण्याच्या रूढ पद्धतीतील उणिवा. या शेवटच्या मुद्द्यावर आमचे लक्ष खिळले.

यंत्र पाहते म्हणजे काय करते

छायाचित्रात कोणती वस्तू कोठे आहे हे सांगणाऱ्या मॉडेलला ऑब्जेक्ट डिटेक्शन मॉडेल म्हणतात. आम्ही त्यास येथे शोधक म्हणू. शोधक प्रत्येक वस्तूबद्दल तीन गोष्टी सांगतो. पहिली, वस्तूभोवतीची चौकट. दुसरी, वस्तूचे नाव. तिसरी, त्याची खात्री, शून्य ते एक या मापात. “या चौकटीत गुलाबी बोंडअळीचा पतंग आहे, खात्री ०.८२”, असे त्याचे विधान असते.

हे विधान बरोबर की चूक हे ठरविण्यासाठी माणसाने आधी त्याच छायाचित्रावर खऱ्या चौकटी काढलेल्या असाव्या लागतात. मग यंत्राची चौकट आणि माणसाची चौकट किती जुळतात हे मोजतात. नववीच्या संचांच्या पाठातील छेद आणि संयोग येथे उपयोगी पडतात. दोन्ही चौकटींत सामाईक असलेले क्षेत्र म्हणजे छेद. दोन्ही मिळून व्यापलेले क्षेत्र म्हणजे संयोग. छेदाला संयोगाने भागले की जुळणीचे गुणोत्तर मिळते. ते साधारणतः ०.५ किंवा अधिक असेल तर चौकट जागेवर आहे असे मानण्याची रीत आहे.

आम्ही हे आलेख कागदावर करून पाहिले. खरी चौकट १० बाय १०, म्हणजे १०० घरांची घेतली. यंत्राची तेवढीच चौकट २ घरे उजवीकडे सरकविली. छेद ८० घरे, संयोग १२० घरे, गुणोत्तर ०.६७. उत्तर ग्राह्य. मग चौकट ५ घरे सरकविली. मुलांना वाटले, अर्धी जुळते म्हणजे गुणोत्तर ०.५ येईल. प्रत्यक्षात छेद ५० आणि संयोग १५०, म्हणून गुणोत्तर ०.३३ आले. उत्तर अग्राह्य. त्यानंतर ४ बाय ४ ची लहान चौकट घेऊन ती फक्त २ घरे सरकविली. छेद ८, संयोग २४, गुणोत्तर पुन्हा ०.३३. म्हणजे दोनच घरांची चूक मोठ्या वस्तूला माफ होते आणि लहान वस्तूला होत नाही. गुलाबी बोंडअळीचा पतंग अमेरिकन बोंडअळीच्या पतंगापेक्षा बराच लहान असतो. मापाच्या या पद्धतीतच त्याच्यावरचा भार जास्त पडतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले.

चुकांचे सहा प्रकार

डॉक्टर केवळ “प्रकृती साठ टक्के बरी” असे सांगून थांबत नाही. ताप कशाचा हे तो शोधतो. शोधकांच्या बाबतीत मात्र बराच काळ एका सरासरी गुणावर निकाल दिला जात असे. २०१२ मध्ये डेरेक होइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधकांच्या चुकांचे निदान करणारा निबंध लिहिला. चुकांची प्रकारांत विभागणी करावी आणि वस्तूचा आकार, झाकलेपणा, पाहण्याचा कोन यांनुसार त्या कोठे वाढतात ते तपासावे, असा त्याचा आशय होता. २०२० मध्ये डॅनियल बोल्या आणि सहकाऱ्यांनी टाइड नावाची पद्धत मांडून या विभागणीस सहा प्रकारांचे रूप दिले. ते आम्ही सापळ्याच्या उदाहरणाने सांगतो.

१. ओळखीची चूक. चौकट जागेवर आहे, पण नाव चुकले. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला अमेरिकन म्हटले. फोन फार जवळ धरून छायाचित्र घेतले की लहान पतंगही मोठा दिसतो, आणि ही चूक होऊ शकते.

२. जागेची चूक. नाव बरोबर आहे, पण चौकट सरकलेली आहे. गुणोत्तर ०.१ ते ०.५ च्या दरम्यान येते.

३. दुहेरी चूक. चौकटही सरकली आणि नावही चुकले.

४. दुबार नोंद. एकाच पतंगावर दोन चौकटी. मतदार यादीत एकाच माणसाचे नाव दोनदा यावे तसे हे आहे.

५. पार्श्वभूमीची चूक. जेथे काहीच नाही तेथे चौकट काढली. सुकलेल्या पाकळीचा तुकडा, मातीचा कण किंवा कागदावरील सावली पतंग म्हणून मोजली गेली.

६. निसटलेली वस्तू. पतंग आहे, पण त्याच्यावर कोणतीच चौकट नाही. एकावर एक पडलेले, पावसाने भिजून चिकटलेले आणि पंख झडलेले पतंग असे निसटतात.

टाइड पद्धतीतील आम्हांस भावलेली युक्ती अशी की प्रत्येक प्रकारची चूक एकेक करून कागदोपत्री दुरुस्त करावयाची आणि निकाल किती सुधारतो ते पाहावयाचे. जी चूक दुरुस्त केल्याने सर्वांत जास्त फरक पडतो, तोच मूळ आजार. उपचार तेथून सुरू करावयाचा.

एक सोडविलेले उदाहरण

समजा, कागदावर गुलाबी बोंडअळीचे ९ आणि अमेरिकन बोंडअळीचे २ पतंग आहेत. यंत्राने गुलाबी म्हणून ७ चौकटी काढल्या. तपासता असे आढळले : ७ पैकी ५ चौकटी अचूक, १ सरकलेली, आणि १ सुकलेल्या पाकळीवर. उरलेल्या ३ गुलाबी पतंगांपैकी एकाला यंत्राने अमेरिकन म्हटले आणि २ निसटले. यंत्राचा आकडा ७. खरा आकडा ९. नुकसानीची पातळी ८. म्हणजे यंत्र सांगते, “आज पातळी गाठलेली नाही”, आणि ते खरे नाही.

आता एकेक चूक दुरुस्त करून पाहू.

जागेची चूक दुरुस्त केली, तर आकडा ७ च राहतो. सरकलेली चौकट असली तरी तो पतंग मोजला गेलाच होता. रूढ गुणपद्धतीत मात्र या चुकीची दुहेरी शिक्षा होते. सरकलेली चौकट खोटी ठरते आणि तिच्याखालचा पतंग निसटला असेही धरले जाते. शेतकऱ्याच्या निर्णयावर तिचा काडीचाही परिणाम नाही.

ओळखीची चूक दुरुस्त केली, तर आकडा ८ होतो आणि निर्णय बदलतो.

निसटलेले २ पतंग धरले, तर आकडा ९ होतो आणि निर्णय बदलतो.

पार्श्वभूमीची चूक तेवढी दुरुस्त केली, तर आकडा ६ होतो. म्हणजे एक चूक सुधारली आणि उत्तर सत्यापासून आणखी दूर गेले! कारण आधीच्या आकड्यात पाकळीने एका निसटलेल्या पतंगाची जागा भरून काढली होती. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

या ठिकाणी विद्यार्थ्यांना आम्ही गणिताच्या उत्तरपत्रिकेची आठवण दिली. उत्तर बरोबर, पण रीत चूक, अशा मुलाला आज गुण मिळतील. उद्या आकडे बदलले की तो अडेल. ९ पतंगांच्या कागदावर यंत्राने ९ च आकडा दिला, पण त्यातील ३ चौकटी पाकळ्यांवर असल्या, तर ते यंत्र बरोबर नाही, ते नशीबवान आहे. म्हणून निदानात केवळ बेरीज पाहू नये, प्रत्येक चौकट उघडून पाहावी. आणि कोणती चूक मोठी हे सर्वसामान्य गुणतक्त्यावरून न ठरविता, त्या चुकीने कोणाचा कोणता निर्णय बदलतो यावरून ठरवावे. आमच्या अभ्यासाचे सार या एका वाक्यात आहे.

खरे उत्तर कोणाचे

इतपत आल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की माणसाने काढलेल्या चौकटी बरोबरच असतात हे कशावरून? प्रश्न मार्मिक होता. आम्ही एका शेतातून सापळ्याची पिशवी आणून पतंग पांढऱ्या कागदावर ओतले आणि पाच गटांना स्वतंत्रपणे मोजावयास सांगितले. पाच गटांची उत्तरे एक आली नाहीत. कोणी सुटा पंख मोजला होता, कोणी दोन चिकटलेले पतंग एक धरले होते. चर्चेअंती मुलांनीच नियम केला : डोके दिसेल तोच पतंग मोजावा, सुटा पंख मोजू नये. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा फरक पुष्कळ कमी झाला.

शास्त्रज्ञांनाही हीच अडचण येते. २०२१ मध्ये कर्टिस नॉर्थकट आणि सहकाऱ्यांनी जगभर वापरल्या जाणाऱ्या दहा प्रसिद्ध चाचणी-संचांची छाननी केली, तेव्हा त्यांतील सरासरी किमान ३.३ टक्के नोंदींवर माणसांनीच चुकीची नावे लिहिलेली आढळली. तेव्हा यंत्र आणि उत्तरसूची यांत मतभेद झाला, तर दोष नेहमी यंत्राचाच असतो असे नाही. शिलालेखाचे वाचन दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे करावे आणि नंतर ताडून पाहावे, ही आमच्या शास्त्रातील शिस्त येथेही लागू पडते.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. ज्या छायाचित्रांवर यंत्र शिकले, त्याच शेतातील, त्याच दिवसाची छायाचित्रे परीक्षेत दिली, तर यंत्र उत्तम गुण मिळविते. ती परीक्षा नव्हे, तो फुटलेला पेपर होय. दुसऱ्या तालुक्यातील शेत, वेगळा फोन, ढगाळ सकाळ, रेघांच्या वहीचा कागद, अशा परिस्थितीत ते काय करते ती खरी परीक्षा. शिवाय कोणी पतंगांऐवजी भलतेच छायाचित्र दिले, तर “हे सापळ्याचे छायाचित्र नाही” असे यंत्राला म्हणता आले पाहिजे. वाधवानी संस्थेच्या पथकाने अशी पूर्वतपासणी आपल्या यंत्रणेत ठेवली होती, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणे हे ज्ञानाचेच लक्षण आहे.

यादीत नसलेल्यांचे काय

आतापर्यंत पाहिलेल्या सहा चुका ज्या वस्तू यंत्राच्या यादीत आहेत त्यांच्याबद्दलच्या आहेत. जी वस्तू यादीतच नाही तिच्याबद्दल यंत्र चुकले असे गुणतक्ता कधीच दाखवीत नाही.

शोधक शिकविण्यासाठी जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संग्रहांपैकी एक म्हणजे २०१४ मध्ये पुढे आलेला कोको हा संग्रह. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. त्यांत पिझ्झा आहे, डोनट आहे, बेसबॉलची बॅट आणि बेसबॉलचा हातमोजाही आहे. भाकरी नाही. गाय आणि मेंढी आहे, शेळी आणि म्हैस नाही. बस आणि ट्रक आहे, बैलगाडी आणि ऑटोरिक्षा नाही. अशा यादीवर शिकलेले यंत्र आमच्या मैदानावरील क्रिकेटच्या बॅटला बेसबॉलची बॅट म्हणू शकते. शेळीला ते मेंढी म्हणेल, किंवा पार्श्वभूमी समजून सोडून देईल. ही उणीव ओळखून हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी हैदराबाद, बंगळुरू आणि आसपासच्या रस्त्यांवरील दहा हजार छायाचित्रांचा भारतीय संग्रह तयार केला आणि त्यात ऑटोरिक्षाला स्वतंत्र स्थान दिले.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट परिचित वाटेल. जुन्या दप्तरात ज्याची नोंद नाही तो माणूस नव्हताच असे नव्हे. नोंद करणाऱ्याच्या कागदावर त्याच्यासाठी रकाना नव्हता. गावकुसाबाहेरची वस्ती नकाशात न दाखविल्याने ती नाहीशी होत नाही, तिचा विचार मात्र होत नाही. म्हणून कोणत्याही शोधकाची चिकित्सा करताना पहिला प्रश्न हा असावा की याची यादी कोणी केली आणि कोठे बसून केली.

सरासरीच्या आड कोण झाकले जाते हा त्याचाच दुसरा भाग. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी यंत्रणा तपासल्या. हे वस्तुशोधाचे नव्हे, वर्गीकरणाचे काम होते, परंतु धडा तोच आहे. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण ०.८ टक्क्यांपलीकडे गेले नाही, तर सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत पोहोचले. एकत्रित सरासरी पाहणाऱ्यास हे दिसलेच नसते. गट वेगळे केले तेव्हा दिसले. आमच्या सापळ्याच्या बाबतीतही सर्व पतंगांची एकच सरासरी न काढता, लहान आणि मोठे, सुटे आणि चिकटलेले, उन्हातील आणि सावलीतील असे गट पाडूनच चुका मोजाव्यात.

निदानानंतरचा उपचार

प्रत्येक चुकीचा उपाय वेगळा असतो. पतंग निसटत असतील, तर गर्दीची आणि भिजलेल्या पतंगांची छायाचित्रे शिकवणीत वाढवावीत, आणि छायाचित्रापूर्वी कागद हलकेच हलवून पतंग सुटे करावेत. हा दुसरा उपाय फुकटचा आहे आणि शेतकऱ्याच्या हातात आहे. ओळख चुकत असेल, तर कागदावर एक नाणे ठेवावे, म्हणजे छायाचित्र तपासणाऱ्या माणसास आकाराचा अंदाज येतो. त्या मापाचा उपयोग करावयास यंत्रालाही शिकविता येते. पाकळ्या पतंग ठरत असतील, तर पतंग नसलेल्या केरकचऱ्याची छायाचित्रेही यंत्राला दाखवावीत. काय नाही हे शिकविणेही शिक्षणच आहे.

काही उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. खात्रीची अट ०.५ वरून ०.८ केली, तर खोट्या चौकटी कमी होतात, पण बुजरे पतंग निसटतात. अट खाली आणली, तर उलट घडते. दुबार नोंद टाळण्यासाठी एकमेकींवर आलेल्या चौकटींतील एक पुसून टाकण्याचा नियम असतो. तो फार कडक केला, तर खरोखर एकमेकांवर पडलेल्या दोन पतंगांतील एक पुसला जातो. कोणती चूक पत्करावयाची हा निवाडा यंत्र करू शकत नाही. तो माणसांनी करावयाचा आहे, आणि ज्यांच्या शेतावर आणि ज्यांच्या पाठीवर त्याचा परिणाम होणार आहे, त्या शेतकऱ्यांना व मजुरांना विचारून करावयाचा आहे.

समारोप

यंत्राला नाकारावे असे आमचे म्हणणे नाही. दिवसभर राबून आलेल्या डोळ्यांनी बारीक पतंग मोजणे कष्टाचे आहे, आणि चांगले यंत्र ते कष्ट वाचवू शकते. परंतु ग्रेडरच्या नजरेपुढे आमच्या वाडवडिलांना निमूट उभे राहावे लागले, तसे यंत्राच्या आकड्यापुढे आमच्या मुलांनी उभे राहू नये. तो आकडा कोणत्या चौकटींतून आला हे दाखवा, असे म्हणण्याइतके ज्ञान त्यांच्याजवळ असावे. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. आलेख कागद, पेन्सिल, छेद-संयोगाचे गणित आणि चुकांची एक वही पुरेशी आहे. आमच्या वर्गात ती वही आता ठेवली आहे. डाव्या पानावर यंत्र किंवा माणूस काय म्हणाला, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय होते, आणि खाली चुकीचा प्रकार. ज्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारला होता, त्याच्याच अक्षरात तिचे पहिले पान आहे.

स्वाध्याय

१. ६ बाय ६ ची खरी चौकट आलेख कागदावर काढा. तेवढीच चौकट ३ घरे उजवीकडे सरकवून जुळणीचे गुणोत्तर काढा. उत्तर ग्राह्य ठरेल का?

२. कागदावर ६ पतंग आहेत. यंत्राने सर्व ६ ओळखले, पण ३ पतंगांवर प्रत्येकी दोन चौकटी काढल्या. आकडा किती येईल? हा कोणता प्रकार? फवारणीच्या निर्णयावर काय परिणाम होईल?

३. यंत्राचा आकडा खऱ्या आकड्याशी तंतोतंत जुळूनही यंत्र सदोष असू शकते, हे स्वतःचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. आपल्या गावाच्या चौकाचे छायाचित्र समोर ठेवा. त्यातील कोणत्या दहा वस्तू यंत्राच्या यादीत असाव्यात असे तुम्हांस वाटते? तुमची यादी आजीला किंवा आजोबांना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचविलेली अकरावी वस्तू लिहा.